जावेच्या लॅपटॉपवरचं टेन

बसा, चहा ठेवलाय. पण आधी कबूल करा, हसणार नाही म्हणून. मी घातलेला हा घोळ अजून माझ्या माहेरी कळलेला नाही, आणि कळूही द्यायचा नाहीये.

दुष्काळाचं साल होतं. आमच्या सिडकोत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. शहर मात्र वाढतच चाललेलं! जिकडं बघावं तिकडं नवी बिल्डिंग आणि तिच्या दाराशी टँकर. त्यातल्याच एका बिल्डिंगीत, आमच्याच शहरातल्या सातारा परिसरात, माझ्या धाकट्या जावेनं, सुनीतानं, फ्लॅट घेतला. लिफ्टवाला! पाण्याचा पत्ता नाही, पण लिफ्ट आहे. पहिल्याच दिवशी तिनं मला तीनदा वर-खाली नेऊन आणलं. मी तिन्ही वेळा "छान आहे गं" म्हटलं. तिसऱ्यांदा दात आवळून म्हटलं.

आता मी काही जळकी बाई नाही. ए, एकमेकांकडं काय बघताय? बरं, आहे थोडीशी.

पण एका बाबतीत सुनीता माझ्या मागं होती. मी कम्प्युटरवाली! घरी बसून मराठी टायपिंगची कामं करायची. लग्नपत्रिका, अर्ज, वास्तुशांतीची निमंत्रणं, सगळं. लॅपटॉप जुना, त्यावर सिस्टीम जुनी सेव्हन, आणि त्यात मराठी फॉन्टचं एक त्याहून जुनं सॉफ्टवेअर. छापखान्यांना तोच फॉन्ट लागायचा. माझी सगळी कमाई त्या एका फॉन्टावर उभी होती.

तेव्हा नवीन टेन आलेलं. रोज सकाळी स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकट यायची, नवी सिस्टीम घ्या, फुकट आहे. मी रोज "नको" दाबायची. आमचा लॅपटॉप दुरुस्त करणारे वाजिदभाई, त्यांना मी विचारलं होतं.

"भाभी, मशीन चल रा ना?"

"चल तो रहा है."

"फिर कायकू छेडते? पुराना मशीन है, पुराना सॉफ्टवेअर है. दोनों की दोस्ती है. रहने दो."

इतकं साफ सांगितलं होतं त्या माणसानं! विषय तिथंच संपला होता.

मग सुनीताकडं हळदीकुंकू होतं. आठ-दहा बायका जमलेल्या. फ्लॅटचे फोटो दाखवायला तिनं लॅपटॉप उघडला आणि मी बघतच राहिले. निळाशार स्क्रीन, मधोमध उजेड पडलेली खिडकी. टेन!

"अगं, हे कधी?" मी विचारलं.

"झाले की पंधरा दिवस, ताई. तुमचं अजून सेव्हनच आहे व्हय?" आणि बायकांकडं वळून म्हणते, "ताईंचं ना, सगळं जपून असतं."

जपून! आठ बायकांसमोर! त्यात तो लॅपटॉप असा झटकन उघडला म्हणून सांगू, माझा तर उघडेपर्यंत पोहे होतात. वाण काय मिळालं तेही मी घरी येऊन बघितलं नाही. रिक्षात सगळ्या रस्त्यानं एकच डोक्यात, हिच्याकडं टेन आणि मी सेव्हनवर?

नेमकं त्याच आठवड्यात माझ्याकडं मोठं काम होतं. देवगाव रंगारीला सामुदायिक विवाह. दुष्काळात एकेकट्यानं लग्न कुणाला झेपणार? म्हणून गावानं एकाच मांडवात एकवीस जोडपी बसवायची ठरवलेली. एकवीस नवऱ्या, एकवीस नवरदेव, सगळ्यांचे आईबाप, सगळं एका पत्रिकेत. हे सगळं जमवून आणणारे कचरूभाऊ मला बजावून गेले होते, "ताई, शुक्रवारी पत्रिका छापायला गेली पायजे. गावोगाव वाटायच्यात. एक नाव चुकलं तरी मांडवात रुसवे होतील बघा." चौदा जोडपी माझी टाइप झालेली, सात राहिलेली.

शहाणी बाई काय करेल? आधी काम संपवेल.

मी मंगळवारी सकाळी "हो" दाबलं.

नेमका पाण्याचा दिवस. इकडं मी टाकी, पिंप, बादल्या, घरातली पातेली, सगळं भरतेय, आणि तिकडं स्क्रीनवर टक्के चढतायत. पिंप भरलं, चौदा टक्के. टाकी भरली, तीस टक्के. आमचे हे म्हणाले, "अगं, काम आहे ना हातात? मग आजच कशाला?"

"तुम्हाला नाय कळायचं," मी म्हटलं. खरंच नव्हतं कळण्यासारखं. ह्यांना थोडीच आठ बायकांसमोर कुणी जपून म्हटलं होतं?

दुपारी झालं एकदाचं. निळाशार स्क्रीन! मी तर त्याचा फोटोच काढून सुनीताला पाठवणार होते. तेवढ्यात डिस्क भरली म्हणून सूचना आली. बघते तर मागच्या सिस्टीमचं काहीतरी भलंमोठं गाठोडं तसंच पडून. म्हटलं, नवी आली, आता जुनीचं काय करायचंय? घरात जुनं सामान मी ठेवत नाही. टाकलं पुसून! लॅपटॉप एकदम मोकळा झाला. मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःसाठी वेगळा चहा केला.

मग पत्रिका उघडली.

गणपतीच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं आणि वर टोपी. चि. सौ. कां.च्या जागी उलटं प्रश्नचिन्ह. चौदाच्या चौदा जोडप्यांची नुसती किडामुंगी झालेली! फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडायला गेले, तर ते उघडेचना. मी वाजिदभाईंना फोन लावला.

"भाभी, वो सॉफ्टवेअर नये पे नहीं चलता. बोला था ना मैं?"

"आता परत जुनं करा ना!"

"हो जाता. पुरानी सिस्टीम का फोल्डर रहता, महिनाभर. उससे वापस जाते. है ना वो?"

मी माझा तो वेगळा चहा लांब सरकवला.

"भाभी?"

"पुसलं मी ते."

वाजिदभाईंनी मला ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "माशाल्ला." कोणत्या अर्थानं म्हणाले ते मी विचारलं नाही. वर म्हणाले, सगळं नव्यानं टाकायला शनिवार उजाडेल. त्यापेक्षा कुणाकडं सेव्हन असेल तर तिथं फॉन्ट बसवून देतो, तासाभराचं काम आहे.

मग माझे फोन सुरू झाले. शेजारी, मैत्रीण, बजाजनगरची आतेबहीण. जो तो म्हणतोय, आम्ही कधीच टेन घेतलं! इतके दिवस कुणी बोललं नाही आणि आता सगळेच नवे. एकवीस पोरींच्या लग्नाची पत्रिका माझ्या हातानं अडली होती. मला रडूच फुटलं. ह्यांनी मला न विचारता धाकट्या भावाच्या घरी फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. सुनीताला!

पाच मिनिटांत तिचा फोन. "ताई, रडू नका. माझ्याकडं सेव्हनच आहे."

"काय बोलतेस? मी स्वतः बघितलं टेन!"

"ते चित्र आहे हो नुसतं." आवाज अगदी खाली आलेला. "मागचं चित्र बदललं फक्त. तुम्ही कम्प्युटरवाल्या, सगळे तुम्हालाच विचारतात. म्हटलं, आपण मागं कशाला दिसायचं?"

म्हणजे मी एका चित्रापायी माझा सगळा धंदा पुसून बसले होते!

"आणि एवढं झटकन उघडतं ते?"

"त्यात काहीच नाही ना, ताई. फ्लॅटचे फोटो आणि रांगोळ्या."

बुधवार, गुरुवार मी तिच्याकडं ठाण मांडलं. वाजिदभाईंनी फॉन्ट बसवला, माझी फाइल उघडली, चौदाही जोडपी सुखरूप. तिनं मला जेवू घातलं, चहा दिला, आणि चित्राचं कुणाला सांगू नका म्हणून हात धरला. मीही माझ्या पुसण्याचं कुणाला सांगू नको म्हटलं. एकवीस झाली. छापायची प्रत मी पेन ड्राइव्हवर घेतली आणि छापखान्यात देऊन आले.

इथं थांबले असते तर?

शुक्रवारी सकाळी सुनीताचा फोन. "ताई, खरं सांगा, तो फॉन्ट सोडला तर टेन कसं आहे? टाकू का मीपण?"

आता तुम्हीच सांगा, मी काय म्हणणार होते? वर आणि पस्तावले म्हणू? जावेला?

"लई भारी आहे गं," मी म्हटलं. "पाण्यासारखं चालतं. टाकच तू!"

फोन ठेवला, तोच कचरूभाऊंचा आला. "ताई, अजून एक जोडपं वाढलं बघा. पोरगी सिल्लोडची हाय. बाप लई काकुळतीला आलाय, पत्रिकेत नाव पायजे म्हणतो. घाला तेवढं बाविसावं."

"घालते की," मी म्हटलं. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला की फाइल कुठं आहे, फॉन्ट कुठं आहे. दोन्ही सुनीताच्या लॅपटॉपवर!

लगोलग तिला फोन लावला. "सुनीता! थांब! टाकू नको!"

"अहो ताई, पासष्ट टक्के झालंय. मशीन बंद करू नका असं लिहून आलंय."

काय करणार? ते पुरं होऊन परत जुनं करेपर्यंत शुक्रवार हातचा गेला असता, आणि छापायच्या प्रतीत एक अक्षर वाढवता येत नव्हतं. छापखान्यानं एकवीस जोडप्यांच्याच पाचशे पत्रिका छापल्या. त्या पाचशेच्या पाचशे आम्ही दोघी जावांनी तिच्या फरशीवर मांडल्या. मी मोजून देत होते, वाळल्या की गठ्ठे बांधत होते. लिहीत होती सुनीता, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. एवढी वर्षं मला माहीतच नव्हतं. बाविसावं जोडपं, प्रत्येक पत्रिकेवर, हातानं, लाल शाईनं.

लग्नं थाटात लागली. कुणाचंच नाव चुकलं नव्हतं. सिल्लोडच्या पोरीचा बाप मांडवभर पत्रिका दाखवत फिरत होता. बाकीच्या नवऱ्यांच्या आया कचरूभाऊंना धरून विचारत होत्या, "आमच्या पोरीचं नाव असं लाल शाईनं का नाय काढलं?" मग कचरूभाऊंनी माइक घेतला आणि सुनीताला स्टेजवर बोलावून नारळ दिला. टाळ्या म्हणजे काय टाळ्या!

एकवीस जोडपी कुणी टाइप केली, हे त्या अख्ख्या मांडवात एका माणसानं विचारलं नाही. आणि टाळ्या वाजवताना आमचे हे माझ्याकडं वाकून काय म्हणाले असतील? म्हणाले, "तूपण जरा अक्षर सुधार."