हात कुणाचा

नारीन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका लहान गावात बाळंतपणाचा दवाखाना आहे. सायराकुल तिथली जुनी सुईण. शिकलेली, पांढऱ्या डगल्यातली, नेमाची. पण बाळाचं डोकं दिसू लागलं, की ती बाळंतिणीला ऐकू जाईल असं म्हणायची, “हा हात माझा नव्हे, उमाई आईचा, बात्मा-झूराचा हात.” कळांमधूनच बाई म्हणायची, “तसंच होवो.” तेवढ्यानं सायराकुलचे खांदे हलके व्हायचे. या दोघी बाळंतिणींना राखणाऱ्या जुन्या माता, आणि हे बोल तिला आईकडून आले होते.

थंडीत एक बाळ दगावलं. चूक कुणाचीच नव्हती. पण घरच्यांनी ओरड केली, की सुईण मंत्र पुटपुटत बसली. नवीन मोठ्या डॉक्टरीणबाई मेरिम, वयानं पोरसवदा. त्यांनी सायराकुलला बोलावून घेतलं.

“एजे, तुम्ही मला थोरल्या बहिणीसारख्या. पण त्या खोलीत आता दुवा नको.”

“दुवा कसली, बाई. हातापुरतं म्हणते.”

“तेच ना. बाळ रडलं तर हात बात्मेचा. आणि नाही रडलं, तर कुणाचा?”

सायराकुलनं शब्द दिला आणि पाळला. तोंडावर पट्टी असायचीच, आत ओठ हलवले असते तरी कुणाला कळतं? पण बाळंतिणीनं ऐकायचे बोल चोरून म्हणून काय उपयोग? बाळं सुखरूप होत होती. हिचे हात मात्र घरी आल्यावरही जड. जेवताना ती त्यांच्याकडे बघत बसायची.

“काय बघतेस, बोटं मोजतेस?” नवरा विचारायचा. “दहाच आहेत. मी लग्नाच्या वेळी बघून घेतलीत.”

बर्फ वितळू लागलं तेव्हा जिबेक आली. पहिलटकरीण, आई नसलेली. तिच्या आईचं बाळंतपणही सायराकुलनंच केलं होतं. मेरिमबाई पलीकडे उभ्या होत्या. डोकं दिसू लागलं, तशी जिबेकनं सायराकुलचं मनगट धरलं.

“एजे, म्हणा ना ते. आई सांगायची, मी आले तेव्हा तुम्ही म्हणाला होता.”

सायराकुलनं मेरिमबाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून बाळाचे ठोके ऐकत होत्या.

“तू जोर लाव, पोरी.”

“मग मी म्हणू?”

“तुला कसं म्हणता येईल? हात ज्याचा, त्यानंच म्हणायचं असतं.”

मुलगी झाली, खणखणीत रडली. नंतर नळापाशी मेरिमबाई हात धुताना म्हणाल्या, “ती मागत होती, एजे.”

“हो.”

सायराकुल थांबून राहिली. आता त्या म्हणतील, उद्यापासून म्हणा. मेरिमबाईंनी हात पुसले, टॉवेल सरळ केला आणि त्या गेल्या.

दुसरा दिवस गुरुवार, गेलेल्या माणसांना पोचावा म्हणून काहीतरी तळून तेलाचा वास उठवायचा. सायराकुलला दुपारपर्यंत सुट्टी होती. तिनं कोमट दुधात पीठ भिजवलं, मुठी रोवल्या आणि मोठ्यानं म्हणाली, “हा हात माझा नव्हे, उमाई आईचा, बात्मा-झूराचा हात.”

“तसंच होवो,” नवरा दारातून म्हणाला. “जुळी होऊ देत, मला भूक लागलीय.”

ती हसली, मग पदरासारखं डोक्याच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. पीठ मऊसूत झालं होतं. पण त्याला डोकं नव्हतं, रडणं नव्हतं. त्याचे लहान तुकडे, बोरसोक, तळताना जिबेकच्या आईचं नाव तिनं मनात घेतलं.

भेटीच्या वेळी तिनं फडक्यातले बोरसोक जिबेकपुढे ठेवले. जिबेकनं एक तोडला.

“म्हणालात?”

“पीठ मळताना.”

“तसंच होवो,” पोर म्हणाली आणि खाऊ लागली.

तेवढ्यात आतून कुणीतरी सायराकुलला हाक मारली, बाळंतपणाला नवी बाई आली होती. सायराकुलनं पट्टी बांधली, हात धुतले आणि मुकाट्यानं आत गेली.