जावयाची मॅच आणि माझी मुलाखत

किन्हीराजाला आमच्या घरी जावई आला की घराचा कारभारच बदलतो. पहिला चहा त्याचा, पंख्याखालची खाट त्याची, टीव्हीचा रिमोटही त्याचाच. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. पण त्या दिवाळीत नणंद आणि तिचा नवरा आले आणि नेमकी तेव्हाच दुपारी माझी मुलाखत. ऑनलाइन गणित शिकवायची नोकरी होती. कॅमेऱ्यासमोर एक धडा शिकवून दाखवायचा होता. लग्नानंतर घरी बसून बसून जीव विटला होता माझा. आवाज तुटला की नोकरी गेलीच समजा.

घरात नेट एकच, टीव्हीही त्याच्यावरच चालतो आणि जावईपाहुण्यांची क्रिकेटची मॅचही त्याच वेळी. नवऱ्याला म्हटलं, जरा सांगा ना त्यांना. तो म्हणाला, जावयाला कसं सांगायचं? सासूबाईंनी तर कानावर हात ठेवले. असा संताप आला म्हणून सांगू! मग ठरवलं, कोणाच्या विनवण्या करायच्या नाहीत.

कोणत्या कामाला नेट आधी द्यायचं, हे राऊटरच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. मी ते मोबाईलवर पाहून शिकले होते. सकाळी सगळे फराळाला बसले, तेव्हा व्हिडिओ कॉल सगळ्यात वर टाकला आणि टीव्ही सगळ्यात खाली. बंद कोणाचंच केलं नाही. माझं भागून उरेल ते मॅचला.

दुपारी मी आत अपूर्णांक शिकवत होते आणि बाहेर गोलंदाज धावता धावता मधातच थांबत होता. पाहुणे चिडले, सासूबाई कासावीस. माझा आवाज एकदाही तुटला नाही. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिथल्या तिथं सांगितलं, घेतलं तुम्हाला.

बाहेर आले तर पाहुणे राऊटर हलवून पाहत होते. काहून बिघडलं असेल, असं माझ्या नवऱ्याला विचारत होते. तो खाली मान घालून उभा.

“बिघडलं नाही भाऊजी,” मी म्हटलं. “मीच टीव्हीले मांगं टाकलं. माह्यं काम पह्यले होतं.”

पाहुणे चप्पल घालून बाहेर गेले. सासूबाईंचा चेहरा पाहवत नव्हता. आता नणंद भांडायला येणार म्हणून मी स्वयंपाकघरात पदर खोचून तयारच होते. ती आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

“वयनी, आमच्या घरीबी असंच राऊटर हाये,” ती हळूच म्हणाली. “माह्या परीक्षेच्या क्लासले वर कसं टाकाचं, ते सांग ना.”