पत्त्याला लटकलेली अट

सुरतेतल्या आमच्या खानदेशी समाजाच्या मंडळाला वधू-वर नोंदणीसाठी वेबसाइट हवी होती आणि मंडळात संगणक शिकलेली, म्हणजेच फुकट राबणारी, मी एकटीच. दोन दिवसांत फॉर्म बनवला. नाव, वय, शिक्षण आणि शेवटी ‘अपेक्षा’ असा मोठा चौकोन.

फॉर्म भरून बटण दाबलं की सर्व्हर ती माहिती पुढच्या प्रोग्रामकडे पोचवतो. त्याचे दोन रस्ते आहेत. एकात भरलेलं सगळं वेबसाइटच्या पत्त्यालाच, प्रश्नचिन्हाच्या पुढे, जोडून जातं. दुसऱ्यात ते पत्त्यात दिसत नाही, आतून गुपचूप जातं. चाचणीत काय गेलं ते डोळ्यांना दिसावं म्हणून मी पहिला रस्ता ठेवला. नंतर बदलू म्हटलं. या ‘नंतर’वर आमचा सगळा धंदा चालतो.

मोबाइलवर नीट दिसतं का बघायला बाबांचा फोन घेतला. खोटी माहिती सुचायला डोकं लागतं, म्हणून खरीच भरली. अपेक्षांत लिहिलं, ‘मुलगा सुरतेतच राहणारा हवा. माझे वडील आमच्याजवळ राहतील. मान्य नसेल त्याने पोहे खायलाही येऊ नये.’

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाबा विचारायचे, तुला कसा मुलगा हवा, आणि मी म्हणायचे, कसाही चालेल. माझी अट म्हणजे ते स्वतःच आहेत, हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं. कळलं असतं तर त्यांनी स्वतःला ओझं मानलं असतं, आणि तेच मला सोसलं नसतं.

फोन परत दिला तेव्हा ‘नोंदणी झाली’चं पान उघडंच होतं. लेकीचं कौतुक म्हणून बाबांनी त्याच पानाची लिंक समाजाच्या ग्रुपवर पाठवली. माझं वय, शिक्षण आणि अट पत्त्याला लटकलेलीच होती. जो कुणी लिंक दाबेल त्याला ते सगळं वाचायला मिळे, आणि वर माझी नोंदणी पुन्हा एकदा होई. दुपारपर्यंत यादीत मी एकटीच होते, पण साठ वेळा. डिंडोलीहून आत्याचा फोन आला, “पोरी, इतली घाई शे का तुले?”

बाबांचा जन्म कापड मार्केटात पार्सलं बांधण्यात गेला. माझी चूक मी त्यांना समजावून सांगितली तेव्हा म्हणाले, “पार्सलना बाहेर फक्त पत्ता ऱ्हास. मालनी चिठ्ठी बाहेर कोन लावस व?” अटीबद्दल चकार शब्द नाही. वाचली नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

फॉर्ममधला एक शब्द बदलून मी दुसरा रस्ता धरला आणि माझ्या साठ नोंदी पुसल्या. रविवारी सकाळी नव्या रस्त्याने पहिली नोंद आली. ती ग्रुपवर कुणाला दिसली नाही, यादी उघडली तेव्हा मलाच तेवढी दिसली. नाव माझंच होतं. अपेक्षांच्या चौकोनात, शाळेतल्या निबंधासारख्या शुद्ध मराठीत लिहिलं होतं, ‘मुलगा कुठल्याही गावचा चालेल. वडील सोबत राहणार नाहीत. त्यांना भाकरी करता येते.’

मी उठून स्वयंपाकघरात गेले. बाबा परातीपुढे बसले होते, हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले, आणि तव्यावर भाकरीचे तीन तुकडे झाले होते.