रंगाऱ्यांच्या खेळातला निळा पत्ता

तेलंगणातल्या इचोड्यात एमआरओ ऑफिससमोर, म्हणजे तहसील कचेरीसमोर, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाच्या बाजूला ताडपत्रीखाली टेबल टाकून भाऊ बसत. ते दस्तावेज लिहायचे. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र. त्यांच्या वडिलांचाही तोच धंदा. कागद तेलुगूत लिहायचा, समजावून सांगायचं मराठीत, आणि बोलता बोलता रकबा, मौजा, गवाह असे वडिलांच्या तोंडचे शब्द यायचे. सही करणाऱ्याला ते प्रत्येक कलम दोनदा वाचून दाखवत. घाईतला माणूस वैतागायचा. भाऊ शांतपणे म्हणत, "नंतर वाचसान तर भांडसान. आता वाचा."

आमची ओळख नमस्कारापुरती होती. एक दिवस ते एक जाडसर पुस्तिका घेऊन दुकानात आले. "ताई, याचे मोठे अक्षरं करून द्या. घरी वाचता येत नाई."

इंग्रजी पानं होती, वर मधमाश्यांची चित्रं. मला वाटलं, शेतीखात्याची काही योजना असेल.

"खेळ हाय," ते म्हणाले. "डब्यात येतो. पुठ्ठ्याचा पट, लाकडाच्या सोंगट्या, पत्ते. हे त्याचे कायदे." मग जरा थांबून म्हणाले, "चार जण लागतात. आमी तिघंच आहो."

माझे मालक ट्रकवर असत, दहा-दहा दिवस घरी नसत. मुलगी बासरला शिकत होती. रविवारी दुपारी घरात मी आणि भिंती. मी गेले.

भाऊंच्या घरी समोरच्या खोलीत जेवणाचं टेबल ओढून घेतलेलं होतं. तिथे वहिनी होत्या, म्हणजे भाऊंची बायको, आणि गल्लीतच भाड्याने राहणाऱ्या शाळेच्या टीचर. टीचर तेलुगू घरच्या, इंग्रजी शिकवायच्या. मराठी पूर्ण समजायची, पण बोलायच्या हिंदीत. इंग्रजी कायद्यांत काही अडलं की टीचर अर्थ सांगायच्या आणि भाऊ तो अर्थ उलटासुलटा करून तपासायचे. तीन-चार महिन्यांनी एखादा नवा डबा कुरियरने यायचा. मधमाश्यांचा, आगगाड्यांचा, समुद्रातल्या दिव्यांचा. हैदराबादला भाऊंच्या भाच्याने एकदा असा खेळ दाखवला होता, तेव्हापासून त्यांना नाद लागला होता. गावात हे कुणाला सांगायची सोय नव्हती. पन्नाशीतला माणूस पुठ्ठ्याचे घोडे हलवतो म्हटल्यावर लोक हसले असते.

खेळ संपला की वहिनी चहा टाकायच्या आणि चहाबरोबर प्रत्येकाने खेळ कसा वाटला ते सांगायचं. कोण जिंकलं ते बोलायचं नाही, हा भाऊंचा नियम. फक्त खेळाबद्दल बोलायचं. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "बरा वाटला." भाऊ म्हणाले, "बरा म्हणजे काय ताई? लग्नातली भाजीबी बरी असते." मग मी विचार करून बोलायला शिकले. आगगाड्यांच्या खेळाबद्दल मी म्हणाले होते की यात आपण बांधत काहीच नाही, दुसऱ्याची वाट अडवत बसतो, म्हणून जिंकूनही तोंड कडू होतं. भाऊंनी मान डोलावली. तेवढ्याने मला दिवसभर छान वाटत राहिलं. दुकानात माझं मत कोण विचारतो? टोनर फिका का, एवढंच विचारतात.

भाऊंचं बोलणं सगळ्यांत शेवटी असायचं. ते म्हणायचे, या खेळात हरणाऱ्यालाही शेवटपर्यंत काम आहे, म्हणून हा चांगला. किंवा, याचे कायदे लिहिणाऱ्याने तिसरं कलम झोपेत लिहिलंय. वहिनी खेळायच्या बेताच्या, पण त्यांची नजर तीक्ष्ण. "तुमी सारे पटाकडे पाहता," त्या म्हणायच्या, "मी तोंडाकडे पाह्यते."

असं अडीच-तीन वर्षं चाललं.

पहिल्यांदा काही खटकलं ते त्या दिव्यांच्या खेळानंतर. चहा पिताना भाऊ म्हणाले, "याच्यात पोळं भरलं की मग मजा नाई राहत." टीचर हसल्या. "भाऊ, वो तो मधमक्खी वाला गेम था." भाऊही हसले. आम्हाला वाटलं, गंमत केली. पुढे ते कायदे विचारायला लागले. जे त्यांनीच आम्हाला शिकवले होते तेच. एका खेळात त्यांनी लागोपाठ दोनदा चाल केली. टीचरांनी टोकलं, तेव्हा सोंगटी मागे घेतली. पुढच्या रविवारी तेच. परत जाताना टीचर मला रस्त्यात म्हणाल्या, "अक्का, भाऊ चीटिंग करने लगे क्या?" मी म्हणाले, जिंकण्याची हाव म्हातारपणी येते. भाऊ तेव्हा चोपन्न वर्षांचे होते.

मग तो रविवार आला. खेळ रंगाऱ्यांचा होता. रंगांचे पत्ते जमवायचे, कापड रंगवायचं आणि गिऱ्हाइकाला द्यायचं. निळे पत्ते अख्ख्या खेळात चारच. चारही वापरून झाले होते, बाजूच्या ढिगात गेले होते, हे मी नीट लक्षात ठेवलं होतं. शेवटी भाऊंची पाळी आली आणि ते बराच वेळ हातातल्या पत्त्यांकडे पाहत राहिले. पंखा फिरत होता. वहिनींनी ढिगाजवळचा पाण्याचा तांब्या उचलला, त्यांना पाणी दिलं. आम्ही वाट पाहत होतो. आणि मग भाऊंनी निळा पत्ता टाकला.

मी म्हणाले, "भाऊ, निळे चारी गेले."

ते पत्त्याकडे पाहत होते.

"हा ढिगातून काढला तुमी," मी म्हणाले. "किती दिवस झाले, आमी पाहून राह्यलो. लबाडीच करायची तं आमाले कायले बलावता?"

माझा आवाज चढला होता. आज मला त्याचं कारण कळतं. त्या टेबलावर माझ्या शब्दाला किंमत होती, आणि ज्याने ती दिली तोच खोटा निघाला असं मला वाटलं. पण तेव्हा फक्त राग होता.

भाऊ रागावले नाहीत. त्यांनी हात जोडले. "टाकला असंल, ताई," ते म्हणाले. "चुकलं माहं."

खरेदीखताच्या एका शब्दासाठी तासभर वाद घालणारा माणूस असा पटकन कबूल झाला, याचं आम्हाला नवल वाटायला हवं होतं. वहिनी खुर्ची सरकवून उठल्या. त्यांनी पत्ते गोळा करून डब्यात भरले. त्या दिवशी चहा झाला नाही.

पाच महिने आम्ही गेलो नाही. त्यांनीही बोलावलं नाही. भाऊ रोज शेजारी बसत, मी मशीनवर असे, आणि आम्ही एकमेकांकडे पाहायचं टाळत असू. मग एक शेतकरी त्यांच्यावर ओरडताना मी ऐकलं. मसुद्यात चतुःसीमा चुकल्या होत्या. पूर्वेचा नाला पश्चिमेला लिहिला होता. भाऊंनी दुरुस्त केलं, तेव्हा उत्तर-दक्षिणही बदललं. तो माणूस कागद घेऊन दुसरीकडे गेला. त्यानंतर दोघं-तिघं तसेच गेले. एकदा भाऊ माझ्याकडे झेरॉक्सला आले, कागद घेऊन गेले, आणि पाच मिनिटांनी तोच कागद घेऊन परत आले. मी दुसरी प्रत काढून दिली. मला वाटलं, चिडवतात. पावसाळ्यात ताडपत्री फाटली ती त्यांनी बदलली नाही, आणि एक दिवस टेबलही दिसलं नाही.

मग वहिनी दुकानात आल्या. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या.

"हैदराबादले दाखवलं," त्या म्हणाल्या. "डोक्याचा फोटो काढला. मेंदू आटून राह्यला म्हनते डॉक्टर. औषध हाय, पन उतरत नाई."

मी मशीन बंद केली.

"मले वर्षभर आधीच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "घरी एकच गोष्ट चारदा विचारायचे. तुमच्यासमोर मी सांभाळून घेत होती. कोनती सोंगटी हलवायची ते मी डोळ्यानं दाखवत होती. कधी त्यायले समजे, कधी दोनदा हलवत."

"आणि तो निळा पत्ता?"

"मीच ठेवला त्यायच्या हातात. पानी देतानी. ते किती वेळचे तसेच बसले होते. तुमी दोघी पाहून राह्यल्या होत्या. मले काही सुचलं नाई. जो हाताले लागला तो उचलला."

मी विचारलं, "तुमी तेव्हा बोलल्या काऊन नाई?"

"बोलली असती तं सारंच सांगा लागलं असतं," त्या म्हणाल्या. "म्हनलं, लबाड म्हनू द्या. पागल तं नाई म्हनत."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. भाऊ खुर्चीत बसले होते, दाढी केलेली, शर्टाची इस्त्री कडक. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले की त्या दिवशी मी तुम्हाला वाईट बोलले, चूक माझी होती. वहिनी शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, तो पत्ता मी देल्ला होता तुमाले. तुमी नाई काढला."

भाऊंनी दोघींकडे पाहिलं. "कोनता पत्ता?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे वळून काळजीने म्हणाले, "मी काई केलं का, ताई?"

पुढचे काही महिने आम्ही पुन्हा रविवारी जमलो. टीचरही यायच्या. ऐकल्याबरोबर त्या रडल्या होत्या, आणि पहिल्या दिवशी भाऊंशी इतकं हळू बोलत होत्या की वहिनी म्हणाल्या, "नेहमीसारखं बोला, त्यायले ऐकू येते." सोपा खेळ काढायचा, एक चाल झाली की थांबायचं. मोठे डबे गेले, लहान डबे आले. मग पत्ते गेले. वहिनींनी मुधोळला माहेरी शिकलेला अष्टाचम्मा, चौकोनी घरांचा खेळ, खडूने फरशीवर काढला आणि कवड्यांऐवजी फोडलेले चिंचोके टाकले. चिंचोक्यांचा आवाज भाऊंना आवडायचा. ते हातात खुळखुळवत बसायचे, टाकायचे नाहीत. आम्ही टाका म्हटलं की दचकून टाकायचे आणि कुठे गेले ते पाहायचे. एक दिवस त्यांनी एक चिंचोका तोंडात घातला. वहिनींनी बोट घालून काढला. फरशी त्यांनी त्याच दुपारी पुसून घेतली. खेळ तिथेच संपला.

उन्हाळ्यात एका दुपारी हायवेवरच्या ढाबेवाल्याचा फोन आला. माझ्या दुकानाच्या पाटीवर नंबर आहे. म्हणाला, तुमच्या शेजारी बसणारे ते कागदवाले इथे आहेत, लवकर या. मी ऑटो करून गेले. वहिनी आंघोळीला गेल्या होत्या तेवढ्यात भाऊ घरातून निघाले होते. ट्रकच्या रस्त्याने दीड-दोन किलोमीटर चालत गेले. ढाब्यामागे बाजेवर चार ड्रायव्हर पत्ते खेळत होते. भाऊ त्यांच्यात जाऊन बसले, मधले पत्ते उचलून खिशात घालायला लागले. पैसे लावलेला डाव होता. ड्रायव्हर परप्रांतातले, त्यांनी चोर समजून मारलं.

भाऊ नळाजवळच्या दगडावर बसले होते. कान सुजला होता, ओठातून रक्त येत होतं. मारणारे निघून गेले होते. भाऊंच्या शर्टाच्या खिशात अजून पाच पत्ते होते. मी पदराने तोंड पुसलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. पण म्हणाले, "ताई, यायनं कायदे सांगितलेच नाई."

त्या दिवसापासून वहिनी दाराला आतून कुलूप लावून किल्ली गळ्यात घालू लागल्या, रात्रीही धड झोपेनाशा झाल्या. मी आणि टीचर आलटून पालटून जायचो, म्हणजे वहिनींना बाजार करता यावा. भाऊ हळूहळू बोलायचे थांबले. मग चालायचे थांबले. घास गिळायला अर्धा तास लागायचा. थंडीत छातीत कफ झाला, आदिलाबादला दवाखान्यात नेलं, आणि दहाव्या दिवशी ते गेले. शेवटचे चार दिवस शुद्ध नव्हती. मी दुकान बंद ठेवून गेले होते. वहिनींनी मला बघून जरा सरकून बाकावर जागा केली, एवढंच.

तेरावं झाल्यावर वहिनींनी डबे काढले. सगळे सोळा होते. मला म्हणाल्या, घेऊन जा. माझ्याने हात लावला गेला नाही. टीचर शाळेसाठी घेऊन गेल्या. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. मुलांनी सोंगट्या हरवल्या, दोन पट फाटले, असं त्यांनी फोनवर सांगितलं. त्यांना वाईट वाटत होतं. मी म्हणाले, असू द्या.

वहिनी मुधोळला भावाकडे राहायला गेल्या. घर भाड्याने दिलं. मागच्या महिन्यात मी सहज फोन केला. कापूस वेचणी चालू आहे, भावजय शेतात जाते, घरचा स्वयंपाक त्या बघतात, असं बोलणं झालं. दुपारी काय करता, मी विचारलं.

"झोपते," त्या म्हणाल्या. "इतकी झोप लागते ताई, का उठल्यावर मले लाज वाटते."