गार्गीचा पडणारा पूल

एखाद्या घरात शनिवारी दुपारी गरम पोहे मिळतात अशी बातमी फुटली, की तिथे किस्से साठणारच. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधलं आमचं बेसमेंट त्यातलंच. गेल्या दोन महिन्यांत तर इतके साठलेत की कोणाला कुठला सांगून झालाय हेच आठवत नाही. म्हणून एकदाचे लिहून काढतो.

निमित्त एका व्हिडिओ गेमचं. डावीकडून उजवीकडे पळायचं, उड्या मारायच्या, खड्ड्यात पडायचं नाही, एवढाच गेम. हीरो एक रकून, म्हणजे इथल्या बॅकयार्डांत येऊन कचऱ्याचे डबे उलटे करणारा तो डोळ्यांवर काळे पट्टेवाला प्राणी. याचे आठ पार्ट येऊन गेले, हा नववा. आणि या नवव्या पार्टमधली एक आख्खी लेव्हल आमच्या गार्गीने डिझाइन केलीये!

गार्गी म्हणजे दिनूकाकांची मुलगी. जर्सी सिटीत बँकेतली सॉफ्टवेअरची चांगली नोकरी सोडून ती गेम बनवणाऱ्या एका स्टुडिओत गेली. दिनूकाका रिटायर्ड इंजिनियर, जन्म पूल बांधण्यात गेला. तिने नोकरी सोडली तेव्हा ते "तुझं तू बघ" म्हणाले आणि नंतर तीन वर्षं त्या विषयावर एक शब्द नाही. कोणी विचारलंच तर "ती कॉम्प्युटरमध्ये असते," एवढंच.

गेम बाजारात आला त्या दिवशी गार्गी मला म्हणाली, "दादा, रिव्ह्यूमध्ये लोकांनी शिव्या दिल्या तरी चालतील. बाबांनी एकदा बघावा, बस."

मग काय, गेम आमच्या टीव्हीला लावला आणि काकांना पोह्यांचं आमंत्रण दिलं.

*

पहिला विरोध शेजारच्या शैलाकाकूंचा. काकू भूल देणाऱ्या डॉक्टर, आता रिटायर्ड. स्क्रीनवर रकून दिसला मात्र, त्यांनी बशी खाली ठेवली.

"वीस वर्षं या मेल्याने माझा कचरा उपसलाय. मी याला अजिबात वाचवणार नाही."

आणि खरंच नाही वाचवलं. कंट्रोलर हातात घेऊन त्यांनी त्याला ओळीने पाच वेळा खड्ड्यात घातलं आणि शांतपणे पुन्हा पोहे खायला लागल्या.

तिसऱ्या शनिवारी मात्र काकू चष्मा पुसून सगळ्यांच्या आधी सोफ्यावर हजर. माझा मित्र पराग मागून ओरडत होता, "काकू, पळा ना, टाइम संपतोय!"

"ओरडू नकोस. बाळ दमलंय, जरा उभं राहू दे."

मी विचारलं, "मग घरी आता डब्यांच्या झाकणांवर विटा ठेवत नाही ना?"

"ठेवते की," काकू म्हणाल्या. "तो वेगळा."

*

हा पराग मूळचा नागपूरचा, माझ्याबरोबर डेटा सेंटरमध्ये काम करतो. त्याचं मत ठरलेलं. कुठलाही नवा पार्ट आला की तो आधीच्यापेक्षा बोगस. "यार, पाचवा पार्ट म्हणजे पार्ट होता. हे काय आहे बे? म्युझिक फालतू, शेवटचा व्हिलन, तो बॉस, एकदम सोपा."

गार्गी निमूट ऐकून घेत होती. शेवटी परागच्या बायकोला राहवलं नाही, तिने सगळं फोडलं. गेम आला त्या दिवशी या गृहस्थाने ऑफिसात ताप आल्याचं कळवून सुट्टी घेतली होती. सकाळी नऊला बसला, दुपारी जोडीने खेळायच्या मोडमध्ये ऑनलाइन कोणीतरी अनोळखी पार्टनर मिळाला. दोघांनी मिळून सात लेव्हल काढल्या. मग गप्पा मारता मारता कळलं, की पार्टनर म्हणजे परागचा मॅनेजर. त्यालाही ताप होता.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये दोघांनी एकमेकांच्या तब्येतीची अगदी आस्थेने चौकशी केली.

*

आमच्या रविवारच्या मराठी शाळेचा एक नियम आहे. शिक्षक मराठीत विचारतात, मुलं इंग्रजीत उत्तर देतात आणि दोन्ही बाजू समाधानी असतात. माझी मुलगी तन्वी त्यातलीच.

तिने शाळेत सांगितलं की ही लेव्हल आमच्या गार्गीताईने बनवलीये. कोणी विश्वास ठेवेना. म्हणून बाईंनी गार्गीलाच बोलावलं आणि मुलांना अट घातली, तिची सही हवी असेल तर गेमबद्दल एक वाक्य मराठीत लिहायचं.

अर्धा तास मुलं मान खाली घालून लिहीत होती. वेलांट्या चुकल्या, पण वाक्यं आली. "मी पुलावरून सतरा वेळा पडलो आणि मला मजा आली." "ताई, तुझा पूल खूप वाईट आहे, थँक्यू."

गार्गीने ते सगळे कागद घरी नेले. मी दारात गाडी घेऊन थांबलो होतो आणि खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली होती. माझा त्या गेमशी काडीचा संबंध नाही, तरी.

*

आता तो पूल. गार्गीच्या लेव्हलमध्ये एक लांबलचक लाकडी पूल आहे. रकूनने पाय ठेवला की फळ्या एकामागून एक कोसळत येतात. न थांबता पळालात तर पलीकडे पोचता, क्षणभर थांबलात की खाली.

दिनूकाका चार शनिवार नुसतं बघत होते. मत विचारलं की "पोहे छान झालेत." पाचव्या शनिवारी अचानक त्यांनी हात पुढे केला. "आणा इकडे."

गार्गी सोफ्याच्या कडेला सावरून बसली.

काका पुलावर गेले आणि बरोबर मधोमध थांबले. खाली टेकू कुठे दिलेत ते बघायला. पडले. पुन्हा गेले, पुन्हा थांबून पाहणी, पुन्हा पडले. अकराव्यांदा पडल्यावर त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला.

"कोणी डिझाइन केलाय हा पूल?"

"मी, बाबा."

"हं," म्हणाले आणि चप्पल घालून घरी गेले. त्या दिवशी गार्गीने पोह्यांना हात लावला नाही.

*

पुढच्या शनिवारी काका आले ते एका पाहुण्याला घेऊन. हे देशपांडेकाका, त्यांच्या ऑफिसातले जुने सहकारी, टेक्ससहून आलेले. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "काय रे दिनू, मुलगी अजून गेम्सच करते का?"

गार्गी कपाकडे बघत होती.

दिनूकाकांनी खिशातून आलेखाचा कागद काढून टेबलावर पसरला. पूर्ण पूल काढला होता, प्रत्येक फळीला नंबर. पुढे पडायला लागणारा वेळ, सेकंदांत. गार्गी कागदावर वाकली. तिच्याकडून त्यांनी गेमची कॉपी कधीच मागितली नव्हती.

"आपण दोघांनी आयुष्यभर पूल उभे ठेवले," काका म्हणाले. "त्याला काय, गरजेपेक्षा दुप्पट लोखंड घातलं की झालं. हा पूल पडायलाच बांधलाय. मी शंभरदा तपासला. प्रत्येक फळी ठरल्या क्षणाला पडते, अलीकडे नाही, पलीकडे नाही. तुला जमेल?"

देशपांडेकाकांनी कंट्रोलर घेतला. पुलाच्या मधोमध गेले, थांबले, पडले. पुन्हा गेले, पुन्हा थांबले. चौथ्यांदा वैतागून म्हणाले, "अरे दिनू, पार कसं व्हायचं ते तरी सांग."

"मला कशाला विचारतोस?" दिनूकाका म्हणाले. "पुलाची इंजिनियर ती बसलीये ना तिथे."