मेजर पर्यावरण आणि आमची घाबरगुंडी

अ‍ॅडमिशनचे किस्से घडत असतात तेव्हा ते किस्से आहेत हे कळतच नाही. तेव्हा नुसती घाबरगुंडी उडालेली असते. आता हॉस्टेलच्या मेसमध्ये कुणी विचारलं, "तू एन्व्हायर्नमेंटल सायन्स कसं काय घेतलंस गं?" की मी एक किस्सा सांगायला घेते, त्याला लागून दुसरा येतो, आणि तोवर माझी भाजी गार झालेली असते.

पण खरं सांगते, ते सगळं वर्ष मी भीत होते. फॉर्मला भीत होते, सरांना भीत होते, आणि सगळ्यांत जास्त पप्पांना.

* * *

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यातलं जवळा बाजार. बारावीला मी वसमतला होते. तिथं आम्हाला बायोलॉजी शिकवायला चव्हाण सर. पुण्याकडच्या एका मोठ्या खासगी विद्यापीठात गावाकडच्या मुलांना फी माफ होते, हे सरांनीच शोधून काढलं. फॉर्मही त्यांच्याच लॅपटॉपवर, प्रयोगशाळेत बसून भरायचा. सोबत माझी मैत्रीण निलोफर. तिचे अब्बा वसमतला टेलर. तिला स्वतःला फार्मसीला जायचं होतं, पण माझ्या फॉर्मला ती रोज हजर!

एका पानावर चौकट आली: "कोणता मेजर घेणार?" मेजर म्हणजे मुख्य विषय; खाली त्यांची यादी. मला काय हवंय ते मला माहीत होतं. आठवीपासून माहीत होतं. पण घरी मेडिकल ठरलेलं, त्यामुळं मी डोळे मिटून क्लिक केलं आणि एन्व्हायर्नमेंटलच्या वरचं इंग्लिश सिलेक्ट झालं. सेव्हही झालं. पुढचं पान उघडलं!

मी रडायलाच लागले. "सर, गेलं! माझं आयुष्य इंग्लिशमध्ये गेलं!"

सर शांतपणे म्हणाले, "अगं, मागे जायचं बटण आहे."

त्यांनी ते दाबलं. चौकट परत आली. निलोफर डोळे मोठे करून बघत होती. म्हणाली, "सर, असं एक बटण आमच्या घरी बी बसवून द्या ना!"

* * *

घरी सांगायची हिंमत नव्हती म्हणून मी आधी काकांना सांगितलं. पप्पांचे धाकटे भाऊ. वसमतहून फोन केला, रेंज अर्धी येत होती, अर्धी जात होती. मी म्हणाले, "काका, मी मेजरला पर्यावरण घेतलं."

काकांना ऐकू आलं फक्त "मेजर."

आठवडी बाजाराचा दिवस. संध्याकाळपर्यंत अर्ध्या बाजारात बातमी: "पोरगी मिलिटरीत मेजर होऊन राहिली!" गावातले एक रिटायर्ड सुभेदार थेट घरी आले. मी तोवर सुट्टीला घरी आलेली, भाकरी थापत होते. त्यांनी मला उभं केलं, खालून वर बघितलं आणि म्हणाले, "उंची बसते. उद्यापासून पळायला लाग."

मग सगळा खुलासा करता करता खरी गोष्ट बाहेर पडली. मेडिकल नाही, नीटची परीक्षा नाही, पर्यावरण. पप्पांनी चप्पल घातली आणि आमच्या दुकानात निघून गेले. त्यांचं असं निघून जाणं ओरडण्यापेक्षा वाईट आहे.

आई तेवढी माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "म्हंजे पुस्तकातला मेजर हाय व्हय? मंग बरं झालं माय. मी बंदुकीला भिऊन राहिले होते."

* * *

नातेवाइकांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "झाडं लावायला डिग्री लागते काहून?"

त्यात त्यांची चूक नाही. बारावीला पर्यावरणाचा प्रोजेक्ट असतो तो कुणी करतं का? आधीच्या वर्षीच्या मुलांची वही घ्यायची, नाव बदलायचं, कव्हर घालायचं. मीही तेच केलं होतं. न वाचता.

आणि विद्यापीठानं मागितलं काय? "या विषयात तुम्ही स्वतः केलेलं एखादं काम जोडा."

मी वही सरांपुढं ठेवली. सरांनी पहिलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले: "मी रोज सकाळी आमच्या घराजवळील समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जाते..."

आता सर म्हणणार, ऊठ, फॉर्म बंद!

सरांनी वही मिटली, चष्मा काढला. "हिंगोली जिल्ह्यात समुद्र नेमका कुठल्या तालुक्यात येतो गं?"

* * *

मुदतीला आठ दिवस उरले होते. सर म्हणाले, खरं काम कर, छोटं असलं तरी चालेल. म्हणून मी आणि निलोफर आमच्याकडच्या विहिरींचं पाणी किती खोल गेलंय ते मोजायला निघालो. तिच्या अब्बांचा कपडे मोजायचा टेप पुरेना, म्हणून गवंड्याचा लांब टेप आणला. त्याच्या टोकाला दगड बांधला.

तिसऱ्या विहिरीवर टेप सोडला आणि मागून एक बाई ओरडली, "मोजणीवाल्या आल्या! धावा धावा, मोजणीवाल्या आल्या!"

त्या भागातून मोठा रस्ता जाणार, जमिनी जाणार, अशी तेव्हा रोज चर्चा. टेप दिसला की माणसं बिथरायची. बघता बघता दहा-बारा जण जमले. एकाच्या हातात फावडं. मी वहीमागं तोंड लपवलं. निलोफर मात्र पुढं झाली. "काका, आमी रस्त्यावाल्या न्हाई! बारावीच्या पोरी हाव! पाणी मोजून राहिलो!"

फावडंवाल्यानं विचारलं, "कोणाची पोरगी?"

मी पप्पांचं नाव सांगितलं. त्यांच्या दुकानातून गाव औषधं नेतं, फवारणीची. फावडं खाली आलं. तो विहिरीच्या कडेला बसला आणि म्हणाला, "पाणी मोजायला टेप कशाला पायजे? मला इचारा. पोहऱ्याच्या दोराला दर उन्हाळ्यात तुकडा जोडून एक गाठ वाढवून राहिलो मी." आणि दोर वर ओढून त्यानं आम्हाला एकेक गाठ दाखवली. प्रत्येक गाठीला त्या उन्हाळ्याची आठवण होती. ह्या साली बैल विकला, ह्या साली बहिणीचं लग्न पुढं ढकललं.

आम्ही टेप गुंडाळला आणि वही उघडली.

परत येताना निलोफर म्हणाली, "तुझा विषय डेंजर हाय बाई. माझ्या फार्मसीत कुणी फावडं घेऊन येत न्हाई."

* * *

मग इंटरव्ह्यू. व्हिडिओवर. रेंजसाठी पुन्हा तीच वसमतची प्रयोगशाळा. पलीकडे एक मॅडम, अगदी सावकाश बोलणाऱ्या. मी इंग्रजीची चार वाक्यं पाठ केली होती. दोन संपली होती.

तेवढ्यात जमिनीतून आवाज आला. आमच्या भागात भूकंपाच्या छोट्या धक्क्यांसोबत येतो तसा, अधूनमधून. गडगड आणि मग एक दणका. काचेच्या परीक्षानळ्या वाजल्या. आम्हाला लहानपणापासून सवय आहे, आवाज आला की आधी बाहेर पळायचं, मग विचार करायचा. मी पळाले!

मैदानात पोचल्यावर आठवलं, इंटरव्ह्यू चालू आहे. कॉलेज सगळं बाहेर, आणि मी एकटी उलटी आत धावतेय. सर ओरडताहेत, "अगं थांब!" मी खुर्चीत येऊन बसले. धाप लागलेली, ओढणी खांद्यावरून घसरलेली.

मॅडम तशाच बसून होत्या. मराठीत म्हणाल्या, "कुठे गेली होतीस?"

"मॅडम, जमिनीतून आवाज आला. बाहेर गेले होते."

"मग परत कशी आलीस? भीती नाही वाटली?"

पाठ केलेलं सगळं विसरले होते. तोंडातून खरं तेच निघालं. "वाटली मॅडम. पण आवाजाची कमी वाटली, तुमची जास्त वाटली."

* * *

निवड झाल्याचा मेल आला. आता फक्त फी माफीचा अर्ज उरला होता. त्याला मी लिहिलेला निबंध जोडायचा होता आणि निबंधाच्या प्रत्येक पानाखाली वडिलांची सही हवी होती.

त्या निबंधाबद्दल घरात कुणालाच माहीत नव्हतं. हा विषय का घेतला, असं त्यात विचारलं होतं. सर म्हणाले होते, खरं लिही. मी लिहिलं होतं की आठवीत असताना आमच्या ओढ्यात मेलेले मासे वर आले, आणि काठावर औषधाच्या रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या, आणि बाटल्यांवर आमच्या दुकानाचं स्टिकर होतं. निबंधात मी दुकानाचं नावही लिहिलं होतं. दुकानाला पप्पांनी माझंच नाव दिलंय, पुढं 'कृषी सेवा केंद्र'.

निबंध इंग्रजीत, म्हणून मला वाटलं होतं सही मिळून जाईल. पण पप्पा कागद न वाचता सही करणारे नव्हेत. त्यांनी माझ्यासोबत आलेल्या निलोफरला बसवलं. "बेटा, तुझं इंग्लिश चांगलं हाय. मराठीत सांगत चल."

मी दाराला टेकून उभी. दुकानात औषधांचा तो नेहमीचा उग्र वास. निलोफर एकेक ओळ सांगत गेली. गाव सांगितलं, ओढा सांगितला, मासे सांगितले. मग तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि सरळ पुढच्या परिच्छेदावर गेली. विहिरी, दोर, गाठी.

"थांब," पप्पा म्हणाले. "मधी एक ओळ सोडली तू."

"न्हाई काका..."

पप्पांनी कागदावर बोट ठेवलं. बरोबर त्याच ओळीवर. इंग्रजी त्यांना येत नाही, पण दुकानाचं नाव बिलावर, बोर्डावर, स्टिकरवर ते रोज बघतात.

"हे काय लिव्हलंय?"

निलोफरनं सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. बाटल्या, स्टिकर, मासे. एक गिऱ्हाईक आलं, पप्पांनी हातानंच त्याला थांबवलं.

मग ते बाहेर जाऊन बोर्डाकडं वर बघून आले. परत बसले. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

"आपल्या बोर्डावर 'कृषी'मधी 'के-आर'च्या पुढं 'यू' हाय. तू 'आय' लिव्हला. तेवढं नीट करून आण, मंग सही करतो."