पेटी चढली की उतरली?

आमच्या घरात पेटी एकच होती आणि तिच्यावर गाणारी माणसं दोन, पण एकत्र कधीच नाही. मी काळी चारमध्ये गायचे आणि हे काळी एकमध्ये. गाण्यातलं ज्यांना फारसं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते: पेटीच्या ज्या पट्टीला आपण आपला सा मानून गातो, ती आपली पट्टी. बायकांची वरची, म्हणून उजवीकडे. पुरुषांची खालची, म्हणून डावीकडे. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत सासरच्यांनी आम्हाला जोडीनं एक अभंग म्हणायला बसवलं. माझ्या पट्टीत धरला तेव्हा ह्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, आणि ह्यांच्या पट्टीत धरला तेव्हा मी नुसती घशातल्या घशात गुरगुरत राहिले. दुसऱ्या कडव्याला सासूबाईंनीच "चला, आरतीची वेळ झाली" म्हणून सगळ्यांची सुटका केली.

त्यानंतर पंचवीस वर्षं आम्ही त्या वाटेला गेलो नाही. ह्यांचं भजन गुरुवारी संध्याकाळी, आमचं महिला भजनी मंडळ मंगळवारी दुपारी. डोंबिवलीच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पेटी दिवाणाखाली असायची आणि ज्याचा वार असेल तो ती ओढून घ्यायचा. मंडळात पहिलं भजन धरायचा मान माझा होता. सकाळच्या शाळेत मी मुलींना मराठी शिकवायचे, तिथे मला कोणी फारसं विचारत नव्हतं. पण मंगळवारी दुपारी माझा सा लागला की बिल्डिंगमधल्या बायका हातातलं काम टाकून यायच्या. मला त्याचा गर्व होता, उगाच लपवून काय करू?

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. मी सत्तेचाळीस वर्षांची, हे त्रेपन्न. त्या वर्षी मला जानेवारीतच ऑक्टोबर लागला. फळ्यावर सुविचार लिहिता लिहिता अचानक छातीपासून कानांपर्यंत आग उसळायची, ब्लाऊज पाठीला चिकटायचा आणि दोन मिनिटांनी सगळं शांत. घरी आले की मी फ्रिज उघडून त्यात डोकं घालून उभी राहायचे.

"काय शोधतेयस?" हे विचारायचे.

"हिमालय!"

चिडचिड तर विचारू नका. एक पोळी फुगली नाही म्हणून मी लाटणं मोरीत भिरकावलं होतं. पूर्वीचा आमचा नवरा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण ह्यांचंही काहीतरी वेगळंच चाललं होतं. शहाडच्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रांवर ओरडून बोलायची सवय असलेला हा माणूस हल्ली मऊ झाला होता. टीव्हीवर कुठल्या तरी मालिकेतल्या मुलीची पाठवणी लागली तर चष्मा पुसत बसायचा. गिरणीतून दहा किलो दळण आणताना दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसायचा आणि वर सांगायचा, पिशवीचा बंद हाताला कापतोय म्हणून. दंडही बारीक झाले होते. लाटणं त्यांनी मुकाट्यानं उचलून धुऊन जागेवर ठेवलं, त्याचाही मला रागच आला.

आणि मग पेटी बिघडली. म्हणजे मला तसं वाटलं. काळी चारमध्ये नेहमीची गवळण घेतली की वरचा सा मिळेना. दोन वेळा आवाज फाटला. मी जाहीर केलं, "पेटी चढलीय. हवेनं सूर वर गेलेत तिचे."

"काहीतरीच काय!" हे म्हणाले. "उतरलीय ती. काळी एकमध्ये खाली जायला गेलो की माझा आवाजच लागत नाही, नुसती हवा येते. पार खाली गेलीय पेटी."

"चढलीय."

"अगं, उतरलीय."

महिनाभर हे भांडण चाललं. पेटी एकाच वेळी चढेल आणि उतरेल कशी, हा साधा विचार दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. आपल्यात काही कमी झालंय हे मान्य करण्यापेक्षा पेटीला नावं ठेवणं दोघांनाही सोयीचं होतं.

श्रावणातल्या एका मंगळवारी भर मंडळात माझी गवळण मोडली. वरच्या सुराला आवाज चिरकला आणि पुढे नुसता खरखराट. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. मंडळाच्या वयानं मोठ्या असलेल्या प्रमुखबाई जाताना पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "नवरात्रात पहिलं भजन आपण दुसऱ्या मजल्यावरच्या धाकट्या सूनबाईला देऊया का गं? तुलाही जरा आराम." चांगल्या मनानं म्हणाल्या, हे कळत होतं. तरीही सगळ्या गेल्यावर मी पेटीला तिचं कापड घातलं, दोरी आवळली आणि ह्यांना सांगितलं की मी गाणं सोडलं.

खरी भीती वेगळीच होती. माझ्या मावशीचा आवाज असाच बसला होता, आणि तिच्या घशात गाठ निघाली होती. ते मी कोणाला बोलले नव्हते. हे मात्र न बोलता समजले असावेत. दुसऱ्याच दिवशी मला ठाण्याला घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी आरसा घालून नीट पाहिलं आणि गाठबीठ काही नाही म्हणून सांगितलं. मग राहिलेल्या तक्रारींसाठी आम्ही डोंबिवलीतल्याच आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाळी कधीपासून बंद आहे?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या स्टुलावरून उत्तर आलं, "रात्रपाळी ना? दिवाळीपासून बंद केली कंपनीनं. आता दोनच चालतात."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबायला रुमाल काढला. यंत्रांच्या आवाजानं ह्यांचे कान अर्धे गेलेले होते, आणि उरलेल्या अर्ध्यावर ह्यांचा भलताच विश्वास. मी त्यांना बाहेर बसवलं.

मग बाईंनी मला समजावलं. पाळी थांबायच्या सुमाराला बाईच्या शरीरातले काही हार्मोन झपाट्यानं कमी होतात. त्यामुळे अंगातून वाफा निघतात, झोप उडते, मन ठिकाणावर राहत नाही. हाडं आतून विरळ व्हायला लागतात, म्हणून आतापासून दूध, नाचणी, तीळ खायचे आणि रोज उन्हातून चालायचं. घशातल्या स्वरतंतूंनाही ते कळतं. ते थोडे जाड होतात आणि आवाज खाली येतो.

"मग पूर्वीसारखा कधी होईल?" मी विचारलं.

"पूर्वीसारखा नाही होणार," त्या सरळ म्हणाल्या. "बदललाय. पण गेलेला नाहीये."

मी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

घरी आल्यावर मी नळ सोडून भांडी घासायला लागले. हे बाहेरून ओरडले, "काय म्हणाल्या शेवटी?"

"हार्मोनचं आहे सगळं!"

"बघ! मी काय सांगत होतो? हार्मोनियमचंच आहे!"

"हार्मोन! हार्मोन!"

"तेच तर म्हणतोय मी! रविवारी कल्याणला नेऊ. पारनाक्याकडे एक म्हातारे पेटी दुरुस्त करतात, आमच्या भजनातल्या सगळ्यांच्या पेट्या तिथेच जातात."

मी नळ बंद केला, पण त्यांची चूक दुरुस्त केली नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच मला मनापासून वाटत होतं की ह्यांचं बरोबर निघावं. पेटीच बिघडलेली असू दे, देवा.

रविवारी सकाळी पेटी मांडीवर घेऊन आम्ही बसनं कल्याणला गेलो. दुकान म्हणजे एक लहानशी खोली, तिला सरसाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. म्हातारेबुवा खाडीकडच्या गावातले आगरी, गळ्यात माळ. त्यांनी पेटी उघडली, भाता तपासला, सूर एकेक करून ऐकले. मग स्वतःची पेटी शेजारी ओढली आणि दोन्हींवर एकच पट्टी दाबली. दोन पेट्यांतून एकच सूर आला.

"पेटीला काय नाय झाला," ते म्हणाले.

"असं कसं? चढलीय ती," मी म्हटलं.

"उतरलीय," हे म्हणाले.

म्हातारेबुवांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बाय, तुमच्या वयाच्या बाया येतान, बोलतान पेटी चढली. बापे येतान, बोलतान पेटी उतरली. मी पेटी पुसतो, दोन दिस ठेवतो नि परत देतो. पन दोगा मिलून एकच पेटी घेऊन आलेत, ह्या पयल्यांदाच बघतोय!"

"म्हणजे?" ह्यांनी कानामागे हात धरला.

"म्हंजे पेटी हाय तिथंच हाय!" म्हातारेबुवा मोठ्यानं म्हणाले. "वय झाला का बाईचा गला खाली येतो, बाप्याचा वर जातो. तुमीच हललेत."

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं होतं तेच हे होतं. फक्त त्यांनी निम्मंच सांगितलं होतं, कारण दुसरा निम्मा मी बाहेर बाकावर बसवून ठेवला होता. पुढे एकदा मी त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की पुरुषांचेही हार्मोन कमी होतात, फक्त बायकांसारखे धाडकन नाही, वर्षानुवर्षं हळूहळू. म्हणून ते दळणाच्या पिशवीला दोष देत राहतात.

पण तेव्हा दुकानात मला रडूच आलं. आता पेटीचाही आधार राहिला नव्हता. "मग मी गायचं तरी कुठे?" मी विचारलं. रागानंच विचारलं.

म्हातारेबुवांनी काळी चारवर बोट ठेवलं आणि ते डावीकडे सरकवत नेलं. "इथून गा." मी नको म्हटलं. "गा तं खरी." पांढरी पाचवर ओढाताण झाली. पांढरी चारवर बरं वाटलं, पण वरचा सा अजून टोचत होता. त्यांचं बोट पांढरी तीन ओलांडून काळी दोनवर थांबलं. मी डोळे मिटून गवळण धरली आणि दचकलेच. घशातून जो आवाज आला तो मी कधी ऐकलेला नव्हता. जाड, भरलेला, थोडा खरखरीत, पण सुरात. वर गेले तर वरचा सा सापडला, अगदी सहज. हा माझाच आवाज आहे हे पटायला एक अख्खं कडवं गेलं.

दुसऱ्या कडव्याला कोणीतरी सोबत धरली. डोळे उघडून बघते तर हे, पेटीचं कापड हातात घेऊन उभे, आणि गात होते. काळी एकचा माणूस आता काळी दोनमध्ये आरामात बसला होता. त्यांच्या आवाजातली ती जुनी धमक गेली होती आणि तिच्या जागी एक बारीक, गोड धार आली होती. त्यांना गवळण सगळी पाठ होती. पंचवीस वर्षं मंगळवारी दुसरी पाळी नसली की हे पेपर वाचायचं नाटक करत आतल्या खोलीत बसायचे, ते ऐकत असतात असं मला कधी वाटलंच नव्हतं. गवळण संपेपर्यंत म्हातारेबुवा भाता मारत राहिले. मला इतका आनंद झाला होता की मी त्यांना वाकून नमस्कार केला.

परतताना बसमध्ये हे म्हणाले, "हे आधी व्हायला हवं होतं गं."

"आधी म्हणजे? विसाव्या वर्षी म्हातारी होऊ काय तुमच्यासाठी?"

ते हसले. मग माझ्या मांडीवरची पेटी आपल्या मांडीवर घेतली, आणि दोन स्टॉपनंतर जड झाली म्हणून परत माझ्या मांडीवर दिली.

नवरात्रात पहिलं भजन सूनबाईनंच धरलं, काळी चारमध्ये. छान गायली. मला वाईट वाटलं, पण वाटेल असं वाटलं होतं तेवढं नाही. मग गवळण माझी होती. इतक्या खाली साथ करायला मंडळातल्या एकीचाही आवाज पोचत नव्हता, म्हणून मी आठवडाभर आधीच प्रमुखबाईंना विचारलं होतं, ह्यांना बसवू का? बायकांच्या मंडळात पुरुष! थोडी कुजबुज झाली, पण त्या हो म्हणाल्या. ह्यांनी त्या मंगळवारी कारखान्यात पाळी बदलून घेतली. आमच्या घरात पाळी आता फक्त त्यांनाच होती.

आम्ही जोडीनं गायलो, भर दुपारी, तेहतीस बायकांसमोर. सासूबाई असत्या तर आरतीची वेळ झाली म्हणाल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघायच्या आतच सूनबाई विरजण मागायला आली. दारातच म्हणाली, "काकू, काल तुमच्या गवळणीच्या वेळी बाळ रडायला लागलं म्हणून मी बाहेर जिन्यात बसून ऐकत होते. खरं सांगू? त्यात काकांचा आवाज कुठला आणि तुमचा कुठला, मला कळलंच नाही."

त्या वर्षी मला कशाचाही राग यायचा. आणि एका बाईच्या आवाजाला नवऱ्याच्या आवाजासारखा म्हटल्यावर तर यायलाच हवा होता. मी तिचा हात धरून तिला आत आणलं, हे पेपर वाचत बसले होते त्यांच्यासमोर उभं केलं, आणि त्यांना नीट ऐकू जावं म्हणून तेच वाक्य पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणायला लावलं.